अर्ध्या इंची टॉर्क पाना: चार वर्षं वापरून

आटे जातात तेव्हा आधी हाताला कळतं. पाना फिरतोय, घट्टपणा वाढतोय, आणि एकाएकी तो वाढणं थांबतं. बोल्ट मऊ फिरायला लागतो, आत त्याला कुणी धरलेलंच नाही असा. माझ्या गाडीच्या ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढून टाकायच्या भोकाचं बूच, असाच फिरला. चेंबर ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. ऑइल गळू नये या भीतीनं मी तो लांब दांड्याच्या पान्यानं पिळला होता. मोठे आटे पाडून आत पोलादी तारेची गुंडाळी बसवेपर्यंत गाडी दोन आठवडे स्टँडवर उभी होती. त्या दोन आठवड्यांत मी टॉर्क पाना घेतला, म्हणजे ठरवलेल्या जोराला नट आवळला गेला की खटका देणारा पाना.

तेव्हापासून चार वर्षं झाली. चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, एकदा अख्खा क्लच, सगळं या एका पान्यानं आवळलंय. या बांधणीचा पाना बरेच कारखाने बनवतात आणि सगळ्यांचं पोट जवळपास सारखंच असतं. माझा मधल्या दर्जाचा आहे: सॉकेट बसवायचा अर्ध्या इंची चौकोन, 40 ते 200 न्यूटन मीटर (फिरवण्याचा जोर यात मोजतात), लांबी 47 सेंटिमीटर, वजन 1.3 किलो. स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणी पहिला टॉर्क पाना घ्यायचा म्हटलं तर बहुतेक हाच हाती येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो काय करतो ते. मूठ फिरवली की नळीतली जाड स्प्रिंग दाबली जाते. डोक्याकडून आलेली दांडी आणि स्प्रिंग यांच्यामध्ये एक छोटा ठोकळा तिरपा बसलेला असतो. ठरवलेला जोर आला की तो ठोकळा कलंडतो, दांडी काही अंश निसटते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर आपटते. खट्. तो आवाज आणि मुठीला बसणारा हलका झटका, एवढंच हे यंत्र. पुढे तो तुम्हाला अडवत नाही. खटक्यानंतरही ओढत राहिलात तर नट आवळतच जातो, म्हणून हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. ही सवय लागायला मला साधारण महिना गेला. आता खटक्याबरोबर खांदा आपोआप सैल पडतो.

दादाला हे सगळं पटत नव्हतं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शाळेत होते तेव्हापासून त्याच्या गाड्या तो स्वतः खोलतो, आणि पाना कसा धरायचा हे मला त्यानंच शिकवलं. म्हणाला, "अगं, आकडे कशाला हवेत? हाताला कळतं." मी म्हटलं, "मग तुझ्याच हातानं बघू या." पुढचं डावं चाक त्याला बसवायला दिलं. चार नट. त्यानं नेहमीसारखे, चाकाबरोबर येणाऱ्या पान्याला पाइप लावून आवळले. मग मी टॉर्क पाना 80 वर लावला आणि दहा-दहानं वाढवत नेला. नट हलेपर्यंत खटका वाजत राहतो; ज्या आकड्यावर नट हलला, साधारण त्याच्या आसपास तो आवळलेला होता असं धरायचं. बसलेला नट हलवायला आवळताना लागला त्याहून थोडा जास्त जोर लागतो, पण तुलनेला एवढं पुरतं.

माझ्या गाडीच्या पुस्तकात चाकाच्या नटांना 103 दिलेत. दादाचा पहिला नट 90 ला हलला. दुसरा 120 ला. उरलेले दोन 150 लाही हलले नाहीत. दादा म्हणाला, "परत कर." दुसरं चाक केलं. या वेळी त्यानं फार लक्षपूर्वक आवळले आणि चारही नट एकमेकांच्या जवळ आले, पण सगळेच्या सगळे 130 च्या वर. तो बराच वेळ पाइपकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे पाइप माझ्या हाताला फसवत होता."

अगदी खरं आहे ते. फिरवण्याचा जोर म्हणजे बळ गुणिले अंतर. माझ्या पान्याच्या मुठीचा मध्य चौकोनापासून 42 सेंटिमीटरवर आहे; 103 साठी तिथे साधारण 25 किलोचं ओढणं लागतं. तोच जोर 80 सेंटिमीटरच्या पाइपला 13 किलोत मिळतो. हाताला बळ कळतं. अंतराचा हिशेब हाताला करता येत नाही. त्यात पहिला नट उकिडवं बसून आवळलेला, चौथा उभं राहून अंगाचा भार टाकून. एकाच चाकाचे नट असे कमीजास्त आवळले गेले की ब्रेकची डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, किंचित वाकडी बसू शकते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवू लागते. मग आपण डिस्कला दोष देतो. म्हणून नट समोरासमोरचे घ्यायचे, आधी सगळे अर्ध्या जोरावर, मग पूर्ण. शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावरच, हवेत असताना चाक फिरून जातं.

आता तक्रारी, आणि त्यातली पहिली मोठी आहे. ज्या ड्रेन प्लगपायी मी हा पाना घेतला, त्या ड्रेन प्लगला तो चालत नाही. पुस्तकात प्लगला 37 दिलेत, माझा पाना 40 पासून सुरू होतो. आणि 40 वर लावला तरी खटका इतका हलका येतो की शेजारी पंखा चालू असला तर ऐकू येत नाही, मुठीलाही जेमतेम कळतो. क्लिकवाल्या पान्यांची हमी साधारणपणे कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून पुढेच असते. 200 वाल्या पान्याचे 20 टक्के म्हणजे 40, त्यामुळे दोष पान्याचा नाही. पण पाकिटावरचा मोठा आकडा बघून मी भुलले आणि गाडीत मला सर्वांत आधी कुठले बोल्ट लागणार याची यादी केली नाही. स्पार्क प्लगला 18, ड्रेन प्लगला 37, व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांना 10 च्याही आत. नाजूक आटे सगळे खालच्या आकड्यांत राहतात आणि तिथलंच नुकसान महागात पडतं. शेवटी 10 ते 50 चा, पाऊण बोट जाडीचा दुसरा पाना घ्यावा लागला, आणि हातात तोच जास्त वेळा असतो. तुमची सुरुवात ऑइल बदलण्यापासून होणार असेल तर आधी लहान घ्या.

दुसरी तक्रार आकड्यांची. नळीवरच्या रेघा दहा-दहाच्या, मुठीच्या कडेवर एक-एकच्या. दोन्ही मिळवून वाचायचं. 103 म्हणजे नळीवर 100 ची रेघ आणि मुठीवर 3. शिकायला सोपं आहे, पण रेघा चंदेरी नळीवर नुसत्या कोरलेल्या, त्यात रंग नाही. गाडीखाली बॅटरीच्या उजेडात त्या दिसतच नाहीत. मी रेघांवर काळा रंग घासला, वरचा पुसून काढला, आत उरला तेवढा पुरला. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं. खालचं लॉक मात्र उत्तम आहे. एकदा पिळलं की काम चालू असताना आकडा सरकत नाही. चार वर्षांत एकदाही सरकलेला नाही.

रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेनं पकडणाऱ्या दातेरी डोक्याला, 36 दात, म्हणजे एका खटीला 10 अंश. चाकाला काही अडत नाही. पण ब्रेक कॅलिपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट मागच्या बाजूला असतात, तिथे मूठ हलवायला जागाच नसते, आणि 10 अंश मिळेनात म्हणून मी एकदा सबंध संध्याकाळ अडले. 72 दातांचं डोकं असतं तर 5 अंशांत काम झालं असतं. सॉकेट आणि पाना यांच्यामध्ये सरळ जोडदांडी (एक्स्टेन्शन) लावून पाना बाहेर काढला तेव्हा बोल्ट बसले. चौकोनाच्या रेषेत लावलेल्या एक्स्टेन्शननं आकडा बदलत नाही. दांड्याची लांबी वाढवणारं काही पुढे जोडलं तर मात्र बदलतो, आणि हिशेब नव्यानं करावा लागतो.

अचूकपणाबद्दल. आयएसओ 6789 या टॉर्क पान्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात 10 न्यूटन मीटरच्या वरच्या पान्यांना चार टक्के इकडेतिकडे चालतं, आणि 5000 खटके किंवा 12 महिने यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी करायची असते. घरच्या वापरात 5000 खटके होत नाहीत, पण वर्ष होतंच. मी दर वर्षी अशी तपासते: चौकोन शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरते, पाना आडवा, जमिनीला समांतर ठेवते आणि मुठीवरच्या खुणेला पाण्याचा कॅन टांगते. कॅन आणि पाणी मिळून नेमकं 20 किलो, काट्यावर मोजून. 42 सेंटिमीटरवर त्याचे 82 न्यूटन मीटर होतात, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे दोन-तीन धरले की साधारण 85. मग कॅन हळू सोडून बघायचं. या वर्षी 84 वर लावला तेव्हा खटका आला, 87 वर लावला तेव्हा आला नाही. प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा ही घेत नाही, पण स्प्रिंग थकली असती तर इथे नक्की दिसलं असतं. मधल्या दर्जाच्या पान्याकडून चार वर्षांनी मला एवढी अपेक्षा नव्हती. मन भरून आलं त्या दिवशी.

त्यामागे थोडी काळजीही आहे. काम झालं की मी तो 40 वर आणूनच ठेवते. त्याच्याही खाली सैल करायचा नाही, नाहीतर आतला ठोकळा जागा सोडू शकतो. बरेच दिवसांनी काढला तर पहिले पाच-सहा खटके कामाबाहेरच्या एखाद्या घट्ट बोल्टवर वाजवते, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. आणि त्यानं कधीच नट सोडवत नाही. गंजलेला नट सोडवायला किती जोर लागेल ते कुणाला माहीत नसतं, आणि तो सगळा त्या छोट्या ठोकळ्यावर येतो. सोडवायला साधा लांब दांडा वेगळा ठेवलाय. प्लास्टिकच्या पेटीची कडी पहिल्याच वर्षी तुटली, आता पाना जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो.

एक गोष्ट कुठल्याच पेटीवर लिहिलेली नसते आणि मला ती उशिरा कळली. पाना मोजतो तो फिरवण्याचा जोर. बोल्ट किती ताणला गेला ते तो मोजत नाही. आपण लावलेल्या जोरातला साधारण अर्धा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि खरं आवळण्याला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे घर्षण बदललं की सगळा हिशेब बदलला. एका पावसाळ्यात गंज नको म्हणून मी चाकाच्या स्टडना, म्हणजे नट ज्यांवर फिरतात त्या आटेदार दांड्यांना, ग्रीस लावलं आणि नट 103 वरच आवळले. खटका तोच, पण आत स्टड कितीतरी जास्त ताणले गेले. पुस्तकातला आकडा, वेगळं लिहिलेलं नसेल तर, स्वच्छ कोरड्या आट्यांचा असतो. लक्षात आल्यावर सगळे नट काढले, आटे तारेच्या ब्रशनं घासले, पुसले आणि पुन्हा आवळले. तेव्हापासून खटक्याआधी ब्रश.

इंजिनच्या सिलिंडर हेडचे बोल्ट आवळायचे असतील तर हा पाना एकटा पुरणार नाही. बऱ्याच इंजिनांत ते बोल्ट आधी ठरावीक जोरावर आणि मग पुढे 90 अंश असे फिरवायचे असतात. ते ताणून बसवलेले असतात, आणि बहुतेक वेळा एकदा काढले की नवेच घालायचे. त्यासाठी अंश मोजणारी चकती वेगळी लागते. मी ते काम अजून केलेलं नाही, त्यामुळे तिथे या पान्याची शिफारस करत नाही.

बाकी सगळ्याला करते. मात्र जॅकनं उचललेल्या गाडीखाली ठेवायचे पक्के स्टँड नसतील तर आधी ते घ्या, पाना त्यानंतर.

गेल्या महिन्यात जुन्या लोखंडी चाकांच्या जागी अलॉय बसवली. सोळा नट, सोळा खटके. प्रत्येक नटावरून चाकावर पांढऱ्या रंगानं एकेक बारीक रेघ ओढली. नवीन अलॉयचा रंग नटाखाली थोडा दबतो, म्हणून शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत तपासायचं असतं. त्या तपासणीला दादा सोबत होता. पंधरा नटांना हात लावताच खट्. मागच्या उजव्या चाकाचा एक मात्र रेघ सोडून भाताच्या शितापेक्षाही कमी पुढे सरकला आणि मग वाजला. रेघ पुसून दादानं तिथे नवी ओढली.