हॉलमार्क सोन्याला असतो, माणकाला नाही

लग्नाच्या अंगठीत हिरा नको, माणिक घालू, हा हट्ट माझाच. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत, जुना हिरा मोडायला नेला की सराफ तोंड वाकडं करतात. शिवाय माझी रास सिंह, म्हणून आईही खूश.

बिल तोंडपाठ आहे. सोनं ४५,०००. घडणावळ ५,४००. खडा २.१० कॅरेट, १८,००० दराने ३७,८००. वर ३ टक्के जीएसटी २,६४६. एकूण ९०,८४६ रुपये. त्यातले सदतीस हजार आठशे मी काच भरलेल्या खड्याला मोजले.

काच भरलेलं माणिक म्हणजे काय ते आता मला झोपेतही सांगता येईल. भेगाळलेला, कुणी फुकटही घेणार नाही असा खडा, आणि त्याच्या भेगांत वितळवून भरलेली शिशाची काच. झाला लालबुंद! नुसतं तापवलेलं माणिक वेगळं; ते बाजारात राजरोस चालतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पैसे भरल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, लिंबू, व्हिनेगर लागू देऊ नका. आणि सैल-घट्ट करायची तर आमच्याकडेच आणा, बाहेर कुणाला तापवून डाग मारू देऊ नका." मी मान डोलावली! अहो, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल माणिक. त्याला लिंबाची कसली भीती? भीती काचेला. तिथल्या तिथे अंगठी परत करायची होती. पण मी सोन्याचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, ॲपवर तपासला होता, तो जुळला होता. खड्याचं लॅमिनेट केलेलं कार्डही होतं, 'नॅचरल रूबी' लिहिलेलं. मुहूर्त तोंडावर असताना याहून जास्त कोण तपासतं?

उन्हाळाभर लोणचं, सरबतं, लिंबं पिळणं चालूच. खड्यावर पांढुरक्या रेघा उमटल्या. नख फिरवलं की अडकायचं. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: नैसर्गिक माणिक, भेगांत काच भरलेली. दुकानदार त्यातल्या एकाच शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "नैसर्गिकच आहे ना!" बिलावर तर माणिक हा शब्दच नाही. 'कलर स्टोन'. बिल दुकानात उभं राहूनच वाचा.

चौकीत साहेब म्हणाले, "सोनं खरं आहे ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे, ताई." हॉलमार्कवाले म्हणाले, आमचा संबंध सोन्याच्या शुद्धतेशी. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर दुकानाने 'ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे खडा खराब' असं कळवलं आणि हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार निकाली काढली. मला एक फोन नाही! लिंबू पिळणं हा निष्काळजीपणा? मग कर भरायचा तो कुणाच्या पगारासाठी?

बिलावर 'नैसर्गिक माणिक, काच न भरलेलं' असं लिहून घ्या. लिहायला का-कू केली की उठा. दुकानाचं कार्ड चुलीत घाला. प्रयोगशाळा तुम्ही निवडा, शक्यतो खडा अंगठीत बसवायच्या आधी, आणि उरलेले पैसे अहवालानंतरच द्या. दहापट भिंगाखाली काचेतले बुडबुडे आणि निळसर चमक दिसते. भिंग मागितल्यावर सराफाचा चेहरा बघा.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखांवर तारखा चालल्यात. मागच्या तारखेला दुकानाच्या वकिलाने तडजोड सुचवली: खडा बदलून देऊ, वरचा फरक तुम्ही भरा.