पहिला सर्फिंगचा धडा: एकट्याने घ्यावा की गटात?

सर्फिंग म्हणजे फळीवर (बोर्डावर) उभं राहून लाटेसोबत घसरत जायचं. गोव्याच्या पोराचा त्याचा पहिला धडा फसला तर तो पुढच्या रविवारी पुन्हा किनाऱ्यावर जाईल. आपण वणी-वरोऱ्याकडचे. बल्लारशाला गाडी धरायची, एक अख्खी रात्र आणि वर काही तास, मग चेन्नई, तिथून आणखी ४० किलोमीटरवर कोवलम (केरळातलं नव्हे). पुन्हा कधी जमेल ते पुढच्या कापसावर. म्हणून मामेभावाने विचारलं, "खाजगी शिकवणीचे जास्तीचे पैसे कायले द्याचे?" तेव्हा मी त्याच्यापुढे आधी हा प्रवासच मांडला.

मी दोन्ही केलं आहे, पहिल्यांदा गटात. सात जण, एक शिक्षक. वाळूवर बोर्डावर पालथं पडून झटक्यात उठायचा सराव सगळ्यांचा एकत्र झाला. पाण्यात मात्र शिक्षक एकेकाला लाटेत ढकलतो आणि बाकीचे कमरेएवढ्या पाण्यात पाळीची वाट पाहतात. सगळ्यांसारखा मीही डावा पाय पुढे ठेवत होतो आणि दर वेळी पडत होतो. पुढे एकट्याने धडा घेतला तेव्हा शिक्षकाने वाळूवर मागून हलकेच ढकललं. तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे गेला. म्हणजे माझा पुढचा पाय उजवा, आणि बोर्डाची दोरी मागच्या, डाव्या पायाला. एवढ्या एका बदलाने त्या तासात मी तीनदा उभा राहिलो.

दुसरं कारण आपल्या विहिरीचं. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण सवयी असतात. विहिरीत आपण बिनधास्त सूर मारतो. समुद्रात नवशिक्याला उथळ, फेसाळ पाण्यात शिकवतात, तिथे खाली वाळू असते. डोक्यावर पडलो तर मान जाते. बोर्डावरून आडवं, पसरून पडायचं आणि वर येताना हातांनी डोकं झाकायचं, कारण बोर्ड दोरीने आपल्याकडेच ओढला जातो. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीच धरायचा नाही. विहिरीचं पाणी आपल्याला ढकलत नाही, त्यामुळे हे कोणी बजावेपर्यंत सुचतच नाही. एकट्याच्या धड्यात शिक्षकाचं लक्ष आपल्यावरच असतं, सवय दिसली की तिथेच टोकतो. खोल समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाबद्दलही निवांत विचारून घेता येतं: घाबरून थेट किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर यायचं.

गटाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पैसे कमी लागतात, आणि पाळीची वाट पाहताना दम घेता येतो. एकट्याच्या तासात लाटेमागून लाट येत राहते. पोती उचलणाऱ्याचे खांदेसुद्धा हाताने पाणी मारून भरून येतात. दुसरा कसा पडतो हे पाहूनही बरंच कळतं. तीन-चार दोस्त मिळून निघाले असाल तर गटाची मजा वेगळीच.

ज्याला पोहताच येत नाही, त्याने यातलं काहीच आता ठरवू नये. आधी गावात किंवा तालुक्याला पोहायला शिकावं, तिथे घातलेला पैसा सगळ्यात चांगला.

जागेचं थोडक्यात सांगतो. गोवा किंवा मंगळुरूजवळचं मुल्की, म्हणजे पश्चिम किनारा, जून ते ऑगस्ट नवशिक्यासाठी बंदच समजा. हिवाळ्यात तिथलं पाणी सौम्य, कधीकधी लाटच नसते. पूर्व किनाऱ्यावर लाटा वर्षातला जास्त काळ मिळतात, पण चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, समुद्र खवळलेला. सोयाबीन निघालं, वेचणी संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण मोकळे होतो आणि कोवलमला तेव्हा नवशिक्याला जमेल असं पाणी असतं. बल्लारशाहून चेन्नईपर्यंत गाडी न बदलता जाता येतं, म्हणून माझं मत तिकडेच.

फोनवर बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी बोर्ड देता का, एका शिक्षकामागे किती जण, आणि लाट नसेल तर धडा दुसऱ्या दिवशी घेता येईल का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर दुसरीकडे फोन लावा.

मामेभावाला मी दोन दिवस काढायला लावले आहेत. पहिल्या सकाळी एकट्याचा एक तास, दुसऱ्या सकाळी गट. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढलं आहे.