प्लेसमेंट कक्षाची तीन वर्षे आणि एक नियुक्तीपत्र

माझी थोरली लेक २०२५ साली गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. प्रवेशाच्या वेळी आम्ही तीन महाविद्यालयांची माहितीपत्रके चाळली होती आणि तिन्हींमध्ये प्रयोगशाळेच्या छायाचित्राइतक्याच ठळकपणे प्लेसमेंट कक्षाचे, म्हणजे मुलांना नोकरी मिळवून देण्यास मदत करणाऱ्या विभागाचे, पान छापलेले होते. खरे सांगायचे तर आमचा निर्णय त्या पानानेच केला. दर जूनमध्ये अनेक आई-वडील असेच एखादे पान वाचून मुलांचा अर्ज भरतात, म्हणून त्या कक्षाने आणि पुढे शासकीय सेवांनी आम्हांला प्रत्यक्षात काय दिले, हे सविस्तर नोंदवावेसे वाटले. महाविद्यालयाचे आणि कंपन्यांचे नाव मी देत नाही, कारण जे आमच्या वाट्याला आले तेच थोड्याफार फरकाने इतर पालकांकडूनही माझ्या कानावर आले आहे.

गोव्यात या कक्षाकडून एवढी अपेक्षा का असते, हे आधी सांगायला हवे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर गोव्याचा ८.५ टक्के. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर परत बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील ट्रक, बार्ज, गॅरेज आणि हिशेबाची कामे त्यांच्याबरोबर गेली. दुसरीकडे वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण, कोलवाळ येथे कारखाने आहेत आणि औषधनिर्मिती हा त्यांतला मोठा भाग आहे, म्हणजे रसायनशास्त्राच्या पदवीधराला घरापासून तासाभराच्या अंतरावर काम मिळण्याची शक्यता असते. अडचण अशी की कारखान्याचे फाटक आणि महाविद्यालयाचा वर्ग यांच्यामध्ये ओळख करून देणारे कुणी नसते, आणि वाट न सापडलेली मुले सरकारी जाहिरातीची वाट पाहत चार-पाच वर्षे घरी बसतात. ती ओळख करून देणे हेच प्लेसमेंट कक्षाचे खरे काम आहे, असे मी मानतो.

पहिल्या दोन वर्षांत कक्षाने जे केले त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. व्यक्तिमत्त्व विकासाची दोन दिवसांची शिबिरे झाली, हस्तांदोलन कसे करावे आणि मुलाखतीला कोणता रंग घालून जावे हे सांगितले गेले, आणि प्रमाणपत्रे मिळाली. या शिबिरांतील एका त्रुटीचे मात्र मला मनापासून वाईट वाटले. गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेलेली आणि मैत्रिणींशी कोकणीत बोलणारी मुले वर्गात बहुसंख्य होती. त्यांना विषय येतो, परंतु तो इंग्रजीतून तोंडी मांडताना त्यांची जीभ अडखळते. स्वतःचा प्रयोग पाच वाक्यांत समजावून सांगण्याचा सराव आठवड्यातून एक तास जरी घेतला असता, तरी त्या शिबिरांपेक्षा कितीतरी अधिक उपयोग झाला असता.

तिसऱ्या वर्षी मात्र एक अतिशय मोलाची गोष्ट घडली. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमनी स्वतः फोन करून पाच माजी विद्यार्थ्यांना एका शनिवारी बोलावले आणि प्रत्येकाकडून सराव मुलाखती घेतल्या. माझ्या लेकीची मुलाखत औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ताईने घेतली. तिने ब्यूरेटचे वाचन कसे घेतेस, पिपेट धुण्याची पद्धत कोणती, असे साधे प्रश्न विचारले आणि मग विचारले, ‘नोंदवहीत आकडा चुकला तर काय करशील?’ लेकीने प्रामाणिकपणे उत्तर दिले की व्हाइटनर लावून बरोबर आकडा लिहीन. त्या ताईने कागद पुढे ओढला, एक आकडा लिहिला, त्यावर एकच आडवी रेघ अशी मारली की खालचा आकडा वाचता यावा, शेजारी योग्य आकडा, आपली सही, तारीख आणि चूक कशी झाली त्याचे कारण लिहिले. ‘औषधाच्या कारखान्यात चुकलेला आकडासुद्धा दिसला पाहिजे. तपासणीला येणारा अधिकारी आधी तोच शोधतो,’ असे तिने सांगितले. तीन वर्षांच्या प्रयोगवह्यांत जे कुणी शिकवले नव्हते, ते त्या दहा मिनिटांत शिकवले गेले. पुढे प्रत्यक्ष मुलाखतीत हा प्रश्न आला नाही, परंतु त्या संध्याकाळी घरी आल्यावर लेक ज्या उत्साहाने आम्हांला ती रेघ काढून दाखवत होती, त्यावरून कारखान्यातील काम आपल्यालाही जमेल हा विश्वास तिला तेव्हाच आला, हे मला दिसले. महाविद्यालयाने या शनिवारासाठी चहापाण्याखेरीज काही खर्च केला असेल असे वाटत नाही.

यानंतर फेब्रुवारीत मोठा गाजावाजा करून नोकरभरतीचा दिवस ठरला. एका नामांकित कंपनीचे नाव सूचनाफलकावर लागले, शंभराहून अधिक मुले आली, लेखी चाचणी आणि मुलाखत एकाच दिवशी उरकली आणि अठरा मुलांची निवड जाहीर झाली. त्यांत लेकीचे नाव होते. आम्ही घरी पेढे आणले, मंगेशीला जाऊन आलो. मे महिन्याच्या अखेरीस नियुक्तीपत्र आले, तेव्हा त्यावर त्या कंपनीचे नाव नव्हतेच. एका मनुष्यबळ पुरवठादार ठेकेदाराचे होते. कामाची जागा कंपनीची, मालक मात्र ठेकेदार, आणि करार अकरा महिन्यांचा. निवड झालेल्या एकाही मुलाला ही गोष्ट मुलाखतीच्या दिवशी सांगितलेली नव्हती.

मी एका सहकारी पतसंस्थेत सत्तावीस वर्षे हिशेबाचे काम केले आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर ते पत्र पसरून आम्ही दोघे ओळीने वाचत गेलो. पत्रात वार्षिक २ लाख ४० हजार असे ठळक छापले होते आणि लेक महिन्याला वीस हजार मिळणार असे धरून बसली होती. खालच्या तक्त्यात मूळ वेतन १२,००० रुपये होते. भविष्यनिर्वाह निधीत मालकाने भरायचे १२ टक्के म्हणजे १,४४०, ग्रॅच्युइटीपोटी (ठरावीक काळ सेवा झाल्यावर नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) धरलेले ५७७ आणि कर्मचारी राज्य विम्यासाठी (ईएसआय) मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ५६६ रुपये, हे सगळे त्या वीस हजारांतच मोजलेले होते. म्हणजे एकूण पगार १७,४१७ च्या आसपास. त्यातून तिच्या वाट्याचे निधीचे १,४४०, विम्याचे पाऊण टक्क्याने १३१ आणि बस व कॅन्टीनचे ७०० वजा केल्यावर हातात पंधरा हजार आणि वर काही रुपये राहत होते. यात बेकायदेशीर काही नाही; निधी आणि विमा या कामगाराच्या हक्काच्याच गोष्टी आहेत आणि एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना विम्याचा खरोखर आधार होतो. परंतु अकरा महिन्यांच्या करारावर ज्या ग्रॅच्युइटीचा लाभ मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही, तिची रक्कम पगाराच्या आकड्यात मिळवून मुलांना दाखवली जाते, आणि ‘बाबा, मग हे पैसे मला कधी मिळणार?’ या लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कक्षाच्या प्रमुख सरांना भेटलो. त्यांनी आदराने बसवून घेतले, पण नियुक्तीपत्र आपल्याकडे येत नाही, ते थेट उमेदवाराला जाते, एवढेच सांगितले. म्हणजे कंपनी कोणत्या अटींवर मुलांना घेते हे न पाहताच निवडीची संख्या मोजली जात होती. अठरांपैकी सात मुलांनी ती नोकरी घेतली नाही, त्यांत लेकही होती. महाविद्यालयाच्या फाटकावर लावलेल्या फलकावर मात्र अठराही मुलांची छायाचित्रे पुढचे सत्र सुरू होईपर्यंत होती आणि त्या वाटेने जाताना लेक मान खाली घालायची. कक्षाच्या कामातील माझ्या मते हा सर्वांत मोठा दोष आहे. वर्षअखेरीस किती मुलांची निवड झाली हे सांगण्याऐवजी सहा महिन्यांनंतर किती मुले कामावर आहेत, कुणाच्या वेतनपटावर आहेत आणि हातात किती घेतात, एवढे तीन आकडे छापले, तर पालकांची फसगत होणार नाही.

मधल्या काळात एका खाजगी नोकरी सल्लागाराने तीन हजार रुपये नोंदणी शुल्क मागितले, ते आम्ही दिले नाही. नोकरी देण्याआधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे, एवढे सर्व मुलांना सांगून ठेवतो.

शासकीय सेवांचा अनुभव संमिश्र आहे. पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातील रोजगार विनिमय केंद्रात लेकीने नाव नोंदवले. कागदपत्रे बरोबर असल्यास काम सुरळीत होते आणि तेथील कर्मचाऱ्यांनी आपुलकीने माहिती दिली, परंतु या नोंदणीतून नोकरीचे बोलावणे येईल या आशेवर कुणी थांबू नये. सरकारी पदांसाठी आता गोवा कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरील परीक्षा द्यावी लागते. हा आयोग २०१९ च्या कायद्याने अस्तित्वात आला आणि पूर्वी प्रत्येक खाते स्वतंत्रपणे भरती करीत असे, त्या तुलनेत ही पद्धत मला कितीतरी अधिक स्वच्छ वाटते. जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट असे लिहिलेले असते, तसेच पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. हा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळवायला वेळ जातो, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षीच तो काढून ठेवावा. जवळच असलेल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात या परीक्षांचा अभ्यास करणारी मुले दिवसभर बसलेली दिसतात आणि शांत जागा, पंखा, वर्तमानपत्रे यांची ज्यांना घरी सोय नाही त्यांच्यासाठी ते ग्रंथालय फार मोठा आधार आहे.

केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे आणि तेथे नोंदणीला पैसे पडत नाहीत. मात्र आम्ही शोध घेतला त्या महिन्यांत रसायनशास्त्राच्या पदवीधरासाठी गोव्यातील उपयोगी जागा तेथे मोजक्याच दिसल्या.

सर्वांत अधिक उपयोग झाला तो राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेचा, आणि दुःख याचे की तीन वर्षांत कक्षाने तिचा एकदाही उल्लेख केला नव्हता. आम्हांला ती सराव मुलाखत घेणाऱ्या त्याच ताईकडून कळली. शिकाऊ उमेदवारी म्हणजे आयटीआयची मुले असे मीही समजत होतो, परंतु १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही ती खुली आहे. कालावधी साधारण एक वर्षाचा असतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले आणि त्या किमान रकमेचा निम्मा भाग केंद्र सरकार उचलते, त्यामुळे लहान कारखान्यालाही उमेदवार घेणे परवडते. मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. हा उमेदवार कायद्याने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी विमा लागू होत नाही आणि वर्षानंतर कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरीही नोंदणी झालेला करार, ठरलेले प्रशिक्षण आणि शेवटी मिळणारे सरकारी प्रमाणपत्र यांमुळे ठेकेदाराच्या अकरा महिन्यांपेक्षा तो मला अधिक विश्वासार्ह वाटला.

लेक गेल्या ऑगस्टपासून आमच्याच तालुक्यातील एका औषध कारखान्यात बारा हजारांच्या विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार आहे. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कंपनीची बस नाक्यावर येते, त्याआधी तिची आई डबा भरते आणि मी दिवा घेऊन रस्त्यापर्यंत सोडायला जातो. पहिले दोन महिने तिच्याकडे केवळ काचेची भांडी धुणे आणि लेबले लावणे होते. आता नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर वरिष्ठांच्या देखरेखीखाली ती नमुने लावते. ठेकेदाराची नोकरी घेतली असती तर दरमहा तीन हजार जास्त मिळाले असते, आणि ज्या घरात ते तीन हजार न घेण्याची सोय नाही त्या घरातील मुलाने वेगळा निर्णय घेतला तर तो चुकला असे मी म्हणणार नाही.

तिच्या मागून आलेल्या मुलांची स्थिती थोडी बरी असावी, कारण २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. कक्षाने ही इंटर्नशिप कागदोपत्री न उरकता कुंडई आणि मडकईच्या कारखान्यांशी बोलून लावून दिली, तर ते काम भरतीच्या दिवसापेक्षा मोठे ठरेल. मी डिसेंबरमध्ये कक्षाला एक लेखी निवेदन दिले आणि तीन मागण्या केल्या. माजी विद्यार्थ्यांचा तो शनिवार दरवर्षी आणि प्रत्येक विषयासाठी व्हावा, शिकाऊ उमेदवारी योजनेची नोंदणी शेवटच्या सत्रातच महाविद्यालयात करून घ्यावी, आणि भरतीला येणाऱ्या कंपनीकडून नियुक्तीपत्राचा कोरा नमुना आधी मागवून तो सूचनाफलकावर लावावा. सरांनी तिसरी मागणी लगेच मान्य केली. यंदा फेब्रुवारीत दोन कंपन्या आल्या. त्यांपैकी एकीने नमुना पाठवला आणि तो फलकावर लागला. मालकाच्या नावाच्या ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढली आहे, असे लेकीच्या धाकट्या मैत्रिणीने आम्हांला येऊन सांगितले.