पिस्टन फेकण्याआधी उद्यमनगरात दाखवून घ्या

प्रीमियर पद्मिनी गाडीने निळा धूर मारायला सुरुवात केली, म्हणजे इंजिनात ऑइल जळायला लागलं, की सल्ला ठरलेला असतो. इंजिन उतरवा, बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठा करा), नवा पिस्टन सेट टाका. मलाही सगळीकडे हेच ऐकवलं, तेही हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडायच्या आधी. म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या बोअरिंगवाल्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. पाटीवरची अक्षरं कधीच उडाली आहेत. मालकांना सगळे मामाच म्हणतात.

माझी गाडी १९८६ची. इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागाला, अजून बोअरिंगचं टूल लागलेलं नव्हतं, पिस्टन मूळचे स्टँडर्ड साइजचे. ते वाचावेत अशी इच्छा होती, कारण बाजारात जो सेट हातात मिळाला त्यात एकाच खोक्यातल्या पिस्टनांची वजनं जुळत नव्हती.

मामांनी आधी पिस्टनकडे बघितलंच नाही. बोअर गेज घेऊन ब्लॉक मोजला. खाली ६८.०१, वर जिथे पिस्टनभोवतीची पहिली रिंग थांबते तिथे ६८.०७. "बोअर कशाला करताय? होनिंगवर निघतंय की!" होनिंग म्हणजे दगडाने सिलिंडर आतून हलकासा घासणं. मग एक नवी रिंग बोअरमध्ये टाकली, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली ढकलली आणि गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, मोजला. रिंगचा गॅप खालीच का बघायचा, तर तिथे झीज कमी, म्हणजे रिंग सगळ्यात जास्त तिथेच आवळते. बोअर ०.०६ ने वाढला तर गॅप जवळजवळ ०.१९ ने वाढतो. वर मोजून रिंग बसवली तर खाली टोकाला टोक भिडायची भीती.

पिस्टन धुवायची पद्धतही आवडली. ब्लॉकसाठी कास्टिकचा हौद आहे, पण पिस्टन त्यात जात नाहीत, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ते रॉकेलमध्ये भिजवून, ग्रूव्हमधला (रिंग बसते त्या खाचेतला) कार्बन न खरवडता हळूहळू काढला. पोरगा खरवडायला तुटक्या रिंगचा तुकडा घेऊन आला होता, त्याला मामांनी हटकलं. ग्रूव्हच्या भिंतीला ओरखडा पडला की पिस्टन गेलाच.

आता मूळ मुद्दा. स्कर्टवरचे, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवरचे, उभे ओरखडे बघून आपण घाबरतो. मामा त्यावर नख फिरवून पुढे गेले. स्कर्ट मोजला तो पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनला) काटकोनात आणि खालच्या बाजूला. पिस्टन मुळातच किंचित अंडाकृती आणि वर निमुळता असतो, त्यामुळे भलतीकडे मोजला तर चांगला पिस्टनही झिजलेला दिसतो. खरी परीक्षा वरच्या ग्रूव्हची. नवी रिंग ग्रूव्हमध्ये धरून गोल फिरवायची आणि जागोजागी फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवायचं. दोन पिस्टनांत ०.०८ची पट्टी जेमतेम शिरली. तिसऱ्यात ०.१५ची पट्टी अलगद आत गेली. अशा ग्रूव्हमध्ये नवी रिंग टाकली तर ती वरखाली आपटत ऑइल वर ओढते, शेवटी तुटते.

चौथा दिसायला सगळ्यात देखणा. त्याच्या पिनच्या बॉसला (पिन बसते त्या जाड भागाला) रॉकेल लावून, पुसून, खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटली. तडा. तो भंगारात.

तिसऱ्याचा ग्रूव्ह लेथवर रुंद कापून वर स्टीलचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी पातळ कडी, बसवला. चौथ्याच्या जागी मामांच्या डब्यातला, दुसऱ्या गाडीचा पण त्याच मापाचा पिस्टन मिळाला. तो तीन ग्रॅमने जड होता. गुजरीतून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर ठेवून आतल्या बाजूने घासत घासत बरोबरीला आणला. गजन पिन तेल लावून अंगठ्याने दाबली की सावकाश आत जाते, ढिली पडत नाही, हेही प्रत्येकाचं दाखवलं. स्कर्टला नर्लिंग (दातेरी खाचा पाडून माप फुगवणं) करून देण्याची सोय आहे, पण मामाच म्हणाले, "ती गाडी विकायची असंल तर करा."

खर्च नव्या सेटसह बोअरिंगच्या निम्म्याहून कमी आला. आता धूर फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना, तोही जेमतेम.

तक्रारी आहेत. दिलेली तारीख पाळतील याची खात्री नको. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर पुठ्ठ्याच्या मागे आकडे लिहून देतात. होनिंगनंतर ब्लॉक धुण्याची जबाबदारी मात्र तुमचीच समजा: साबणाचं गरम पाणी, ब्रश, आणि पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. माझ्या ब्लॉकमध्ये होनिंगची पूड राहिली होती.

आणि पिस्टनना सिलिंडरचे नंबर मार्करने आतून टाकून न्या. ब्लॉक सोबत लागतोच, नुसत्या पिस्टनना मामा हात लावत नाहीत. सोमवारी बंद.