सॉफ्टनर पुरवठादाराची तांत्रिक सेवा: दोन वर्षांचा अनुभव

इचलकरंजीतील आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुती कापडाच्या फिनिशिंगसाठी अमिनो सिलिकॉन सॉफ्टनर (कापड मऊ करणारे सिलिकॉन तेल, पाण्यात मिसळलेले) लागतो आणि गेली दोन वर्षे तो एकाच पुरवठादाराकडून येतो. पुढे तक्रारही असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही.

या धंद्यातले बहुतेक विक्री प्रतिनिधी खुर्चीत बसायच्या आधी किलोचा भाव सांगतात. यांच्या प्रतिनिधीने पहिल्या भेटीत, मी विचारूनसुद्धा, भाव सांगितला नाही. आमच्याकडे तेव्हा वापरात असलेल्या सॉफ्टनरचे दोन ग्रॅम त्यांनी आमच्याच ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवले आणि पाणी उडून मागे उरलेला घन भाग मोजून दाखवला. 90 रुपये किलोचा 20 टक्के घन भागाचा माल खऱ्या अर्थाने घन भागाच्या किलोमागे 450 रुपयांना पडतो आणि 240 रुपयांचा 60 टक्क्यांचा माल 400 रुपयांना, हा हिशोब खरेदी विभागाला तोवर कोणी मांडून दिला नव्हता. घन भागात तेल पाण्यात मिसळून ठेवणारा इमल्सिफायरही मोजला जातो, त्यामुळे एवढ्यावर निवड करू नका, हेही त्यांनीच बजावले.

खरी परीक्षा नेव्ही ब्लू शर्टिंगच्या एका लॉटवर तेलकट डाग पडले तेव्हा झाली. सिलिकॉनचा डाग एकदा स्टेंटरमधून, म्हणजे कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रातून, भाजून निघाला की तो काढणे जवळपास अशक्य असते. सॉफ्टनर खराब निघाला, असे आम्ही फोनवर सुनावले होते. ते दुसऱ्या दिवशी आले, पॅडिंगसाठी (सॉफ्टनरच्या पाण्यात बुडवून रोलरमधून पिळण्यासाठी) आलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून त्यावर पीएच पेपर दाबला, आणि पेपर हिरवट निळा झाला. रिॲक्टिव्ह रंगाईनंतरच्या धुलाईत सोडा ॲश, म्हणजे अल्कली, कापडात राहून गेला होता. सॉफ्टनरचे हे इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचे मिश्रण, आम्लधर्मी पाण्यात टिकते. अल्कली मिसळली की ते फुटते, तेल वेगळे होऊन रोलरवर जमते आणि तिथून कापडावर उतरते. चूक आमची होती. तेव्हापासून शेवटच्या धुलाईत ॲसिटिक ॲसिड टाकून कापडाचा पीएच 5.5च्या आसपास आणल्याशिवाय माल पॅडिंगला जात नाही, आणि तसे डाग पुन्हा पडलेले नाहीत.

आता तक्रार. ती प्रतिनिधीबद्दल नाही, त्याच्या मागे बसून कोणता ग्रेड कोणत्या नावाने विकायचा हे ठरवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजमेंटबद्दल आहे. यंदा एका बॅचमध्ये कापडाचा फील अचानक कोरडा लागला. ओव्हनमध्ये वाळवून पाहिले तर 30 टक्क्यांऐवजी जेमतेम 26 टक्के घन भाग! ड्रमवर नाव तेच, भाव तोच, सोबतच्या तपासणी प्रमाणपत्रात फक्त रंगरूप आणि पीएच. फॉर्म्युला बदलल्याचे प्रतिनिधीलाही कळवले नव्हते, आणि आमच्यासमोर मान खाली घालायची वेळ त्याच्यावर आली. माहितीपत्रकात ‘सर्व कापडांसाठी योग्य’ असे छापलेले आहे, तेही अर्धसत्य आहे, कारण स्टेंटरच्या उष्णतेत सॉफ्टनरमधले अमिनो गट ऑक्सिडाइज होऊन पांढरे कापड पिवळसर पडते. पांढऱ्यासाठी कमी पिवळा पडणारा वेगळा ग्रेड याच कंपनीकडे आहे, मात्र पत्रकात त्याचा साधा उल्लेख नाही.

मागणी चालू ठेवली आहे, पण घन भागाची टक्केवारी प्रत्येक प्रमाणपत्रावर लिहून द्यावी, ही अट खरेदी आदेशात घातली आहे. त्याउपर नव्या बॅचचे दोन ग्रॅम आधी आमच्या ओव्हनमध्ये जातात, मगच ड्रम उघडतो.