निकेलचं धुवणपाणी: कॉस्टिक, रेझिन की मायक्रोरोबोट?

निकेलचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग शॉपमधून रोज 10,000 लिटर धुवणपाणी निघतं आणि त्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम निकेल आहे, असं धरू. म्हणजे दिवसाला किलोभर निकेल वाहून जातं. नदीनाल्यात सोडायची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम.

कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, सगळ्यांच्या ओळखीचं. सामू 10 च्या वर नेला की निकेल गाळ होऊन बसतं. किलोभर निकेलला हिशेबाने 1.4 किलो कॉस्टिक लागतं, प्रत्यक्षात जास्तच. फिल्टर प्रेसमधून सहा-आठ किलो ओला केक, म्हणजे दाबलेला गाळ, निघतो. आधी गाळा, मगच सामू 9 खाली आणा. उलट केलं तर निकेल पुन्हा विरघळतं. इलेक्ट्रोलेस लाइनचं (विजेशिवाय, रसायनाने मुलामा चढवतात तिथलं) पाणी मिसळलं तर गाळ नीट बसतच नाही. पाणी सोडण्याजोगं होतं, धातू मात्र हाती लागत नाही. वर केकच्या विल्हेवाटीचा खर्च.

रेझिनने, म्हणजे पाण्यातला धातू धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांनी, धातू परत मिळतो. इमिनोडायअसेटिक प्रकारचं रेझिन घ्या आणि त्याआधी कार्बन फिल्टर लावा, नाहीतर ब्राइटनर (मुलाम्याला चकाकी आणणारं रसायन) रेझिन खराब करतं. भरलं की सुमारे 10 टक्के गंधकाम्लाने धुवा; दाट निकेल सल्फेट मिळतं. ते थेट प्लेटिंगच्या टाकीत ओतू नका. निकेल कार्बोनेटने आम्ल मारा आणि तांबं तपासा, कारण हे रेझिन निकेलआधी तांबं धरतं. तांबं टाकीत गेलं की जॉबचे (मुलामा चढवायच्या वस्तूचे) खोलगट भाग काळे पडतात.

मायक्रोरोबोटची गोष्ट मोहात पाडणारी आहे. 2016 मध्ये स्टुटगार्ट-बार्सिलोनाच्या संशोधकांनी बाहेरून ग्राफीन ऑक्साइड, मध्ये निकेल, आत प्लॅटिनम अशा सूक्ष्म नळ्या केल्या. हायड्रोजन पेरॉक्साइड फुटून निघणारे बुडबुडे त्यांना ढकलतात, मग चुंबकाने गोळा करायचं. तासाभरात शिसं 1000 पीपीबीवरून (अब्जात हजार भागांवरून) 50 खाली आलं. स्थिर नळ्यांपेक्षा दहापट काम. पण ते प्रयोगशाळेतलं थोडंसं पाणी. तुमच्या 10,000 लिटरमध्ये एक टक्का पेरॉक्साइड ठेवायचं म्हणजे 50 टक्क्यांचं 200 किलो, रोज. एक ग्रॅम रोबोट 100 मिलिग्रॅम धातू धरतो असं मानलं, तरी किलोभर निकेलला दहा किलो रोबोट लागतील. आम्लाने धुताना त्यांच्यातलंच निकेल सुटू शकतं, आणि निसटलेली नळी म्हणजे प्लॅटिनम गटारात!

म्हणून आज रेझिनच घ्या आणि शेवटच्या मर्यादेसाठी छोटा कॉस्टिक टप्पा ठेवा. मायक्रोरोबोट विकायला कुणी आलंच, तर रोबोटची तीच पूड साध्या ढवळणीने किती धातू धरते, ते तुमच्याच पाण्यात करून दाखवायला सांगा.