ग्लोबल विंड अ‍ॅटलस : पहिल्या चाळणीपुरता झकास

पवनचक्क्यांसाठी जागा शोधणं हे माझं काम. नवी जागा कानावर आली की आधी हा नकाशा उघडते. डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ आणि जागतिक बँक यांची ही सेवा, तीही फुकट. जागेवर क्लिक करा, जमिनीपासून 10 ते 200 मीटर उंचीपर्यंतचा सरासरी वारा समोर येतो. नकाशा 250 मीटरच्या चौकोनांत विभागलेला असल्यामुळे टेकडीचा माथा आणि पायथा वेगळे दिसतात. माझा जीव मात्र दिशांच्या आलेखात. वारा कुठून किती येतो हे कळलं की पवनचक्क्यांच्या रांगा कशा लावायच्या ते तिथंच सुचायला लागतं.

पण हे आकडे घेऊन कर्ज मागायला जाऊ नका. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के जास्त धरला, तर शक्ती 33 टक्क्यांनी फुगते! कर्जासाठी मनोरा उभारून निदान वर्षभर प्रत्यक्ष मोजणी हवी. (रंगीत नकाशावर भाळणारे गुंतवणूकदार हे ऐकून हिरमुसतात.) शिवाय ही दीर्घकालीन सरासरी आहे. ग्रिडला उद्याच्या विजेचं वेळापत्रक द्यायचं, तर अंदाजाची वेगळी सेवा घ्यावीच लागते.